विक्रीआधी ऐकून घेणं सक्तीचं

२ डिसेंबर

नोटीस आली, म्हणून लिहिते आहे. कोणाशी बोलावं म्हटलं तर लँटर्न कोव्हमध्ये सकाळी चुलीपाशी बोललेलं दुपारी धक्क्यावर ऐकू येतं. कागद तरी तोंड मिटून बसतो.

नोटीस माझ्या नावाची नाही. कोरलिसच्या नावाची — माझ्या भावाची मुलगी. गावातलं एकुलतं एक दुकान तिचं. पीठ, खिळे, रबरी बूट, टपाल. आणि मागे, पडद्याआड, सरकारमान्य गांजा. नियम असा की प्रत्येक पाकिटाबरोबर आरोग्याच्या धोक्यांचं छापील पत्रक द्यायचं आणि गिऱ्हाइकाला तोंडीही सांगायचं. ऑक्टोबरात तपासणी झाली तेव्हा पत्रकं सापडली कुठे? सेल्बीच्या माशांच्या पेट्यांत! सेल्बी म्हणजे कोरलिसचा नवरा. खारवलेला कॉड त्या पत्रकांत गुंडाळून सगळ्या चुलतभावांना पाठवला. "कागद चांगला जाड होता, आत्या. आणि फुकट." एका भावाने म्हणे फोन करून विचारलं, हा मासा खाऊन गाडी चालवायची नाही असं कशाला लिहिलंय?

आता दुसरी तपासणी. जानेवारी संपायच्या आत कधीही, न कळवता. नापास झाली की परवाना रद्द. पिठाच्या नफ्यावर त्या दुकानातले दिवेसुद्धा जळत नाहीत. गांजा गेला की दुकान गेलं. दुकान गेलं की ही दोघं अल्बर्टाला, हजारो किलोमीटर लांब — सेल्बीच्या भावाने तिथे तेलाच्या कामावर जागा बघूनच ठेवली आहे. मग पाव आणायला सत्तर किलोमीटर. पावाचं मी बघून घेईन. पण माझं म्हणावं असं माणूस मला एवढंच आहे.

कोरलिस म्हणाली, "आत्या, तू आयुष्यभर इथली नर्स. तू दिसलीस की लोक अजून आपण होऊन जीभ बाहेर काढतात. तूच सांग ना त्यांना."

गांजा म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते हे तिला ठाऊक आहे.

हो म्हणाले.

३ डिसेंबर

पहिला दिवस. चार गिऱ्हाइकं. चौघांनी जीभ बाहेर काढली.

५ डिसेंबर

सगळे नियम वाचून काढले. पाकिटावरची पिवळी चौकटही वाचली. अक्षर इतकं बारीक की ज्याला धोका आहे त्या वयाच्या माणसाला ते दिसणारच नाही. तेव्हा माझी पद्धत मीच ठरवली. आधी सूचना, मग पैसे. अर्ध्यावर उठून जायचं नाही. टोपी काढायची.

धूर छातीला वाईट. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर नाव काढू नका. घेतल्यावर गाडी, बोट, बर्फावरची गाडी, करवत — काही चालवायचं नाही. कुलपात ठेवा, मुलांच्या हाताला लागेल असं नको. पहिल्यांदा घेताना थोडं घ्या, आणि जवळ कोणी असू द्या. गांजा घातलेल्या जेलीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन-दोन तास लागतात. "काहीच होत नाही" म्हणून लगेच दुसरी खाणारा माणूस गाढव असतो.

शेवटचं वाक्य माझं. बाकी सरकारचं.

गार्लंड — बोटी दुरुस्त करतो तो — म्हणाला, "नर्सबाई, दारूच्या दुकानात असं कुणी सांगत नाही बुवा."

"तिथे मी नाही म्हणून."

लीअँडर कीपिंग आला होता. जन्मभर दीपगृहावर धुक्याचा भोंगा सांभाळला, त्यात कान गेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सगळ्यात लहान पाकीट मागितलं. टोपी हातात घेऊन सगळं नीट ऐकलं. मग हात कानामागे धरला. "पुन्हा सांगता?"

पुन्हा सांगितलं. ओरडून. टपालाच्या खिडकीशी सलीना बसते, ती म्हणाली, "पुरे हो नर्सबाई, टपालावरचे शिक्केसुद्धा सावध झाले."

९ डिसेंबर

नुसतं ऐकून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी. आजपासून प्रश्न विचारते. उत्तर चुकलं तर पाकीट नाही.

गार्लंड नापास.

"गोळी खाल्ल्यावर दुसरी कधी खायची?"

"बायको झोपल्यावर."

परत पाठवला. संध्याकाळी पुन्हा आला. या वेळी सगळं बरोबर सांगत होता, पण दर उत्तराआधी खिडकीकडे बघत होता. पडदा सारला — बाहेर बर्फात उभी राहून बायको ओठ हलवत होती! तिला हाकललं. त्याला पुन्हा नापास केलं.

लीअँडर रोजच येतो. एक शब्द इकडचा तिकडे न करता सगळी उत्तरं दिली. तरी निघताना हात कानामागे. "पुन्हा एकदा?"

कोरलिस घाबरली आहे. "आत्या, अशाने गिऱ्हाइकं पळतील."

"पळू देत. पळणं प्रकृतीला चांगलं."

१४ डिसेंबर

पळाली नाहीत. वाढली!

१८ डिसेंबर

पलीकडच्या गावातून माणसं यायला लागली आहेत. सलीना म्हणते त्यांना गांजा नको असतो, "रागावून घ्यायचं" असतं. गार्लंडच्या बायकोने अल्बर्टाहून नाताळला आलेला मुलगा कॉलरला धरून आणला. चांगला दाढीवाला बाप्या.

"नर्सबाई, हा घेत नाही. पण पुढेमागे घेतलं तर? आत्ताच रागावून ठेवा."

"आई—"

"टोपी काढ आधी."

रागावले. मुलाने मान खाली घातली. माय बाजूला उभी राहून तृप्त दिसत होती.

पाद्रीबाई येऊन गेल्या. घेतलं काहीच नाही, नुसत्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. जाताना हळूच विचारलं, "माझ्या प्रवचनातून लोक अर्ध्यावर उठतात. तुम्ही दाराला कडी घालता का?"

कोरलिस गल्ला मोजताना गुणगुणते. मला हे अजिबात आवडत नाही. मी धोके सांगते आहे आणि माल खपतो आहे!

२४ डिसेंबर

दुकान दुपारी बंद करायचं होतं. कडी घालणार तोच लीअँडर. टोपीवर बोटभर बर्फ.

"लीअँडर, तुम्ही रोज घेता. हे बरं नाही."

"हो ना. थंडी फार आहे."

"रोज! बरं! नाही!"

त्याने पैसे ठेवले, टोपी काढली आणि वाट बघत उभा राहिला. उद्या नाताळ. चट्‌दिशी आटपून टाकावं असं मनात आलं. तसं केलं नाही. पुरतं सांगितलं, दोन वेळा. जाताना काउंटरवर सशांची जोडी ठेवून गेला, सोलून साफ केलेली. कोणासाठी ते बोलला नाही. कोरलिस हसली. मी नाही.

घरी आले, कुलूप उघडलं. या गावात दाराला कुलूप लावणारी मी एकटी. शहरात कॉलेजला असताना लागलेली सवय. सलीना टोचून विचारते, "चोरायला आहे काय नर्सबाई, थर्मामीटर?" कुलूप बघून नाताळात सोंगं घेऊन घरोघर फिरणारेही माझ्या दाराशी येत नाहीत. एका दृष्टीने बरं. फरशी स्वच्छ राहते.

सशांचा रस्सा चांगला झाला. एकटीला फार झाला.

२७ डिसेंबर

आज जे झालं ते लिहून ठेवते. उद्या सेल्बी यात आणखी मीठमसाला घालणार आहे.

सोंगं कालपासून निघाली आहेत. पुरुषांनी झगे, बायकांनी कोळ्यांचे कोट, तोंडावर उशीचे अभ्रे, आवाज आत ओढून बोलायचं. ज्याच्या दारी जातील त्याने ओळखायचं. ओळखलं की तोंडावरचा अभ्रा काढायचा आणि केक खायचा. आमच्याकडे एरवी दार कोणी ठोठावत नाही. ढकलतात आणि आत येतात. ठोठावतात ते फक्त सोंगवाले. आणि परके — पण परका इथे येतो कधी?

दुपारी वादळ. दुकानात चुलीभोवती निम्मा गाव. तेवढ्यात दारावर ठक ठक.

"सोंग आलं!" सेल्बी ओरडला. "या, या!"

आत आलं ते यंदाचं सगळ्यात झकास सोंग. वर ताडपत्रीचा कोट, खाली बाईचा फुलाफुलांचा फ्लॅनेलचा परकर, तोंडाला डोळ्यांपर्यंत मफलर. आवाज असा फाटका की कोणाचा ते कळेना.

"मी... तपासणी अधिकारी..."

हसून हसून लोक चुलीवर पडायचे बाकी. "तपासणी अधिकारी! वा!" सलीना त्याच्या पोटाला बोट लावून बघते, "हा गार्लंड. हे पोट मी कुठेही ओळखीन." सेल्बीने त्याला कमरेला धरून गोल नाचवलं. तो म्हणतो आहे, सोडा, सोडा, माझ्याकडे ओळखपत्र आहे. कोणीतरी त्याच्या तोंडात केक कोंबला. मफलरसकट.

मग तो पडद्याकडे वळला आणि बोट दाखवून म्हणाला, "मला... तिथे विक्री कशी होते ते..."

मी मध्ये उभी राहिले. "गार्लंड, तोंड झाकलेल्या माणसाला इथे काही मिळत नाही. वय दिसलं पाहिजे. तुझं वय मला माहीत आहे, पण नियम तो नियम."

"मॅडम, मी—"

"मधे बोलू नकोस. तू आधीच दोनदा नापास." आणि सगळी सूचना ऐकवली, पहिल्यापासून. त्यात त्याच्यापुरतं वेगळं घातलं — तुझा रक्तदाब. तू जिन्यावर धापा टाकतोस. आणि मूळव्याधीवर हा उपाय नाही, कोणी सांगितलं असेल तर त्याला माझ्याकडे पाठव.

तेवढ्यात मागचं दार उघडून लाकडांची मोळी घेऊन गार्लंड आत आला.

"माझ्या मूळव्याधीचं काय चाललंय?"

सगळे गार्लंडकडे बघतात, मग परकराकडे बघतात. परकरवाल्याने मफलर सोडला. गोरामोरा, चष्मेवाला, मिशीला केक. गावातलं कोणीच नव्हे.

नाव डेव्हरो. खरोखरचा अधिकारी. ओढ्यापाशी गाडी बर्फात रुतली, कमरेपर्यंत भिजला, शेवटच्या घरातल्या म्हातारीने होते ते कपडे दिले. सभ्य माणूस, दार ठोठावून आत आला. तिथेच चुकलं त्याचं.

कोरलिस पांढरीफटक. मी म्हटलं, "बसा. पाय आधी कोमट पाण्यात, चुलीजवळ नको." त्याने निमूटपणे जीभ बाहेर काढली.

३० डिसेंबर

रस्ता आज सुटला. तोवर डेव्हरो कोरलिसच्या माडीवर होता. दिवसभर चुलीपाशी बसून विक्री बघायचा. जाताना मत वाचून दाखवलं. सूचना: पूर्ण. चेहरा दिसेपर्यंत विक्रीस नकार: योग्य. गिऱ्हाइकाला गाढव म्हणणे: नियमांत याविषयी काही नाही. तिऱ्हाइताच्या मूळव्याधीचा जाहीर उल्लेख: टाळता आला असता.

कोरलिसने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तेवढ्यात सेल्बी मध्ये तोंड घालतो! डेव्हरो सहज म्हणाला, "ते टोपीवाले आजोबा तिन्ही दिवस आले होते."

"लीअँडरकाका? रोज येतात! महिन्यात एक दिवस चुकले नाहीत. आमचं नंबर एकचं गिऱ्हाईक!"

डेव्हरोने वही पुन्हा उघडली. माणूस वाईट नाही, पण काम काम आहे. म्हणाला, "रोज घेणारा म्हातारा माणूस. एक तर त्यांना सवय लागली आहे आणि तुम्ही धोके सांगत सांगत विकत बसलात. नाहीतर ते पोरांना विकताहेत. दोन्हींत मला परवाना ठेवता येणार नाही. पुढची गावं करून सहा तारखेला याच रस्त्याने परत येतो. तोवर तो माल जातो कुठे ते मला कळलं पाहिजे."

दार लागल्यावर सेल्बी म्हणाला, "मी काही वावगं बोललो का?"



१ जानेवारी

कोरलिसने माळ्यावरच्या सूटकेस काढल्या. नुसत्या पुसते आहे म्हणे. जायचं नसेल तर सूटकेस कोणी पुसत नाही.

३ जानेवारी

लीअँडरची तपासणी केली, त्याला न कळता. डोळे स्वच्छ. हात स्थिर. पावलं सरळ, बर्फातसुद्धा. कपड्यांना लाकडाच्या धुराचा आणि साबणाचा वास, दुसरा नाही. नाडी बघायला म्हणून मनगट धरलं — ती मात्र जलद. सवयीची लक्षणं नाहीत.

म्हणजे विकतो! हे त्याहून वाईट. सकाळी शाळेच्या बसथांब्यावर उभी राहिले आणि एकेका पोराच्या तोंडाचा वास घेतला. पेपरमिंट. काकवी. एकाने विचारलं, "नर्सबाई, आज सुई आहे का?" आणि पळाला.

सरळ विचारायला हवं. इतके दिवस का विचारलं नाही? कारण उत्तर काय येईल याची मला धास्ती वाटते. लिहिलं खरं. खोडत नाही.

५ जानेवारी

लीअँडरच्या घरी गेले. दार ढकललं. पडवीत बूट काढताना रागाने पुटपुटले, "चळलाय म्हातारा."

आतून आवाज आला, "अजून नाही, नर्सबाई. चहा टाकलाय."

मी एक बूट पायात, एक हातात.

"तुम्हाला ऐकू येतं!"

"येतं की."

"आणि तो भोंगा?"

"तुम्ही इथे नव्या आलात तेव्हा दीपगृहावर येऊन मला झापलं होतंत. भोंगा चालू करण्याआधी कानात मेणाचा कापूस घाला, नाहीतर चाळिशीत ठार बहिरे व्हाल. घातला. शेवटच्या दिवसापर्यंत."

असं काही मी बोलले असेन. सगळ्यांनाच बोलायचे. कोणी ऐकलं असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

बसले नाही. उभ्यानेच विचारलं, "ती पाकिटं कुठे जातात? खरं सांगा. कोरलिसचं दुकान त्यावर आहे."

तो उठला. फडताळातून बिस्किटांचा मोठा डबा काढला. डब्याला साखळी, साखळीला बोटीचं कुलूप. "कुलपात ठेवा म्हणाला होतात." उघडलं. सगळी पाकिटं आत होती, ओळीने. एकाचंही सील तुटलेलं नाही. पत्रकं मात्र हाताळून मऊ पडलेली.

"घ्यायचं नव्हतं तर विकत कशाला घेतलंत?"

"विकत घेतल्याशिवाय तुम्ही सांगत नाही."

"आणि रोज दोन-दोनदा सांगायला लावलंत ते?"

"किंमत तीच पडत होती."

मग मात्र मी बसले आणि त्याला रागावले. पैशाची नासाडी. सरकारी वेळेची नासाडी. माझ्या घशाची नासाडी. कोरलिसने काढलेल्या सूटकेस. त्याने मधे कप भरला, डबाबंद दूध घातलं, साखर घातली नाही — मी घेत नाही हे कोणी सांगितलं त्याला? सगळं ऐकून घेतलं. मग हात कानामागे नेला.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आज विक्री झालेली नव्हती, हे घरी येऊन लक्षात आलं.

६ जानेवारी

विकलेला माल दुकानाला परत घेता येत नाही. रस्त्याने एका माणसाने तीस ग्रॅमच्या वर नेणं गुन्हा. म्हणून डबा चौघांत वाटला — लीअँडर, सेल्बी, गार्लंड आणि मी — आणि रांगेने दुकानापर्यंत चालत गेलो. आज सोंगांचा शेवटचा दिवस, गार्लंड बायकोच्या झग्यात होता. डेव्हरोने आधी त्याला तोंडावरचा अभ्रा काढायला लावला.

सुपूर्द केलं ते असं:

डेव्हरो यांना, नष्ट करण्यासाठी — लीअँडर कीपिंग यांची सर्व पाकिटं, सीलबंद. पोच घेतली. परवाना राहिला.

माळ्यावर — कोरलिसच्या सूटकेस, परत.

लीअँडर कीपिंग यांना — माझ्या घराची दुसरी किल्ली. सूचना तोंडी दिली, एकदाच: बूट पडवीत काढावेत. ठोठावू नये.